उपरण्याखालचा विलंब

वर्षाराणी पुण्याच्या ज्या कंपनीत होती, ती शेअर बाजारात सौदे करणाऱ्या पेढ्यांना त्यांची साठवलेली माहिती अधिक लवकर हाती देत असे. किती लवकर, हे तिचे वडील मोहनराव साऱ्या सिरसाळ्याला सांगत. "पापणी लवायला जेवढा वेळ लागतो ना, त्याचा हजारावा भाग. तेवढा वाचवती माझी पोरगी!" ऐकणाऱ्याला काही कळत नसे, परंतु मोहनरावांचा अभिमान कोणाच्या कळण्यावर अवलंबून नव्हता.

मोहनराव स्वतः बैलबाजारातले तीस वर्षांचे दलाल. उपरण्याखाली समोरच्याचा हात धरायचा, बोटे दाबून भाव करायचा आणि तिथे जे घडले ते बाहेर सांगायचे नाही, हा त्या बाजाराचा दंडक. कोणता बैल कोणी विकला, त्याची खोड काय, हे सारे त्यांना मुखोद्गत. सुट्टीवर आलेल्या वर्षाराणीने ते वदवून घेऊन त्यांच्या फोनवर उपलब्ध करून दिले. त्या क्षणी मोहनरावांच्या डोक्याने रजा घेतली.

पुढच्या बाजारी वडवणीच्या सुग्रीवसाठी बैल घ्यायचा होता. वर्षाराणीही सोबत आली होती. रामप्रसादने एक देखणा लाल बैल पुढे केला. मोहनरावांचा उजवा हात उपरण्याखाली गेला. डाव्या हातातल्या फोनवर चक्र फिरू लागले.

"कावून थांबलात, मोहनराव?" रामप्रसादने विचारले.

"दम धर बे. पोरीनं सोय केलीय, तीच बघतोय."

चक्र थांबेना. वाट पाहणाऱ्याची बोटे स्वस्थ बसत नाहीत. मोहनरावांची बोटे नकळत रामप्रसादच्या पंजावर ताल धरू लागली. रामप्रसादने तो ताल शांतपणे मोजला, पंजा आवळला आणि तो ओरडला, "झाला सौदा!"

त्या भावात दोन बैल येऊन वर गाडी आली असती.

"किती झालं ते इचारत न्हाई," सुग्रीव म्हणाला. "तुमी दाबलंय म्हंजे बरोबरच आसंल."

बोटे चुकून हलली म्हणावे, तर तीस वर्षांचा शब्द जातो; न म्हणावे, तर सुग्रीव बुडतो. मोहनरावांनी लेकीला बाजूला ओढले. "हजारावा भाग म्हणतीस? पापण्या लवून लवून डोळे दुखले माझे!"

"चूक माझीच हाय, अप्पा. माहिती ठेवली मुंबईच्या सर्व्हरवर आन् इथं रेंज न्हाई. ती फोनमधीच पाहिजे होती."

ती रेंज मिळेपर्यंत रस्त्याने चालत गेली, सगळी यादी फोनमध्ये उतरवून घेतली आणि परत येताना तिने त्या बैलाची नोंद वाचली.

"अप्पा, उपरणं द्या."

त्या बाजारात बाईचा हात उपरण्याखाली कधी गेला नव्हता. रामप्रसाद हसला. "पोरी, ह्यो काय कंप्युटर हाय व्हय?"

"हात तर द्या, काका."

हाताबरोबर फोनही आत गेला. रामप्रसादने वाकून पाहिले. नोंद तत्क्षणी उघडली: रामप्रसादने गेल्या साली परळीकडे विकला, जुवाखाली बसतो, तिसऱ्या दिवशी परत आला.

रामप्रसाद सावकाश ताठ झाला. "सौदा मोडला," तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला. "घरच्यांचा लई जीव हाय ह्याच्यावर."

मोहनरावांनी फोन घेतला, वाचला, आणि त्यांचा ऊर भरून आला. भोवती माणसे जमली. "काय झालं? पोरीनं काय केलं, मोहनराव?"

ज्यांनी गावाला आजवर केवळ न कळणाऱ्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्या हाती प्रथमच शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट आली होती. आणि ती उपरण्याखालची होती. त्यांनी लेकीकडे पाहिले. तिने ओठांवर बोट ठेवले.

"लई काय न्हाई," मोहनराव म्हणाले. एवढे बोलायला त्यांना दोनदा पाणी प्यावे लागले.