वरची माती

शिवप्पा कंत्राटदारांचं जेवण म्हणजे एक तमाशाच होता. ज्वारीची भाकरी ताटात पडली की ते आधी तिचा पापुद्रा अलगद सोडवून बाजूला ठेवत. मग खालच्या भाकरीला बोटानं खड्डा पाडत. "हे गंगव्वाचं रान. पापुद्रा म्हंजे वरची काळी माती. चटणी म्हंजे भर. आता बगा!" खड्ड्यात शेंगाचटणी दाबायची, वर पापुद्रा पांघरायचा, तळहातानं थापटायचं. "हाय का कुटं खड्डा?" आपण "नाही" म्हटल्याशिवाय ते घास उचलत नसत आणि आपल्यालाही उचलू देत नसत. माझी आमटी रोज थंड व्हायची.

दुष्काळ नुकताच सरला होता. रस्त्यांची कामं जोरात होती आणि रस्त्यांना मुरूम लागत होता. होटगीजवळ गंगव्वा नावाच्या विधवेचं एकुलतं एक रान आमच्या मालकांनी, म्हणजे शिवप्पांनी, मुरुमासाठी घेतलं होतं, खाण संपली की पेरण्याजोगं करून परत द्यायच्या बोलीवर. मी तिथं सुपरवायझर. म्हणजे उन्हात उभं राहून ट्रकवाल्यांशी भांडणारा. बाकीचे कंत्राटदार खड्डा करायचे आणि पुढे जायचे. आमचे मालक पहिली कुदळ पडायच्या आतच सुरू! "आदी बुजवायचं बोला!" एका लग्नाच्या बैठकीतही ते असंच म्हणाले, तेव्हा पोरीकडच्यांनी त्यांना घाईघाईनं जेवायला बसवलं.

वरची काळी माती काढून त्यांनी बांधाशी मोठा ढीग घातला. पावसानं वाहून जाऊ नये म्हणून वर हुलगे पेरले. कुणाला चढू द्यायचे नाहीत. स्वतः जवळ जाताना चपला काढायचे. मग काय, व्हायचं तेच झालं. एका सोमवारी गावातल्या बायांनी ढिगाला हळद वाहिली, पुढच्या सोमवारी नारळ फुटला, मग कुणीतरी झेंडाच रोवला.

"मालक, ढिगाचा देव झालाय," मी घाबरत सांगितलं.

"लई बेस! आता कोन पाय ठिवतंय बगू!" म्हणत गृहस्थांनी स्वतःच एक नारळ फोडला.

खाण संपली. दगडगोटे टाकून खड्डा भरत आणला आणि वरची माती पसरायची वेळ आली, तर अर्धं गाव आडवं!

"देवाला फावडं लावाल तर याद राखा!"

मालकांचा चेहरा खाडकन उतरला. ज्वारीची पेरणी तोंडावर आलेली. माती पडली नाही तर गंगव्वाचं रान म्हणजे नुसते गोटे, आणि बाईनं खायचं काय?

"ह्यो देव न्हाय वो, माती हाय," ते गयावया करू लागले.

"मग तुमी नारळ का फोडला?"

मी तर ट्रकच्या आड झालो.

तेवढ्यात गंगव्वा पदर खोचून पुढं आली. "एन री, काय वो, देव माज्या रानातला. त्यो माज्याच रानात पसरून निजला, तर तुमच्या पोटात का दुकतंय?" आणि तिनं पहिली पाटी स्वतः भरली. मग एका म्हातारीनं 'देवाची माती' म्हणून पाटी डोक्यावर घेतली, आणि लागली की रांग! आमच्या गड्यांना कुणी हातसुद्धा लावू दिला नाही.

पेरणीच्या दिवशी गंगव्वानं आम्हां दोघांना बोलावलं. पेरणीची पाभर जुंपून तयार होती, वर बी सोडायचं लाकडी चाडं बांधलेलं. तिनं बियाण्याची ओटी मालकांपुढं धरली. "चाड्यावर मूठ तुमी धरा."

मालक मागं सरकले. "आमचं रानबी बापानं असंच मुरमाला दिलतं, गंगव्वा. कुनी बुजवलं न्हाय. तवापास्नं मूट धरली न्हाय मी."

"मग आता धरा की."

त्यांनी मूठ भरली. पण सवय कधीच सुटलेली, निम्मं बी चाड्याबाहेर सांडलं. मी ते वेचायला वाकलो, तशी गंगव्वानं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, लेकरा. तितंबी उगवंल."