भितीकडं तोंड करा!

मंगरूळपीरच्या आमच्या वाचनालयात संगणकाच्या खोलीत शिरताना पायताण बाहेर काढावे लागते. आत सर्व्हर आहे, आणि तो सांभाळणाऱ्या बाबारावांच्या लेखी ती मूर्तीच. रोज सकाळी हात जोडून ते विचारतात, "झोप झाली का, महाराज?" कोणी पासवर्ड टाकू लागला, की बाकीच्यांसाठी आज्ञा घुमते, "भितीकडं तोंड करा!" एकदा खुद्द अध्यक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एकादश्या मोजत तिष्ठले होते.

परवा महाराजांना नवी आवृत्ती चढवली आणि दुसऱ्या दिवशी ते कोणालाच ओळखेनात. पोथ्यांची सूची उघडेना. पोथ्यांचे प्रदर्शन तीन दिवसांवर आलेले. मी मनोमन गणेशाला साकडे घातले.

दिवसभर खटपट करून बाबाराव म्हणाले, "गुरुजी, पासवर्ड बरोबरच हायेत. पन जुने महाराज त्याचा ठसा एका रीतीनं ठेवत, नवे दुसऱ्या रीतीनं. जुना ठसा या नव्या महाराजायले वळखूच येत नाही. ज्यानं त्यानं येऊन आपला पासवर्ड पुन्हा टाका, झालं!"

सर्वांनी टाकले. सूची मात्र बाबारावांचे जुने सहकारी कासमभाई यांच्या खात्यात होती. मी पोथ्यांची नावे सांगावीत आणि बाबाराव-कासमभाईंनी एकाच कपातला चहा अर्धा अर्धा घेत, भांडत भांडत ती उतरवावीत, अशी वर्षानुवर्षे ती सिद्ध झाली. गेल्या साली कासमभाई निवृत्त होऊन अकोल्याला लेकीकडे गेले.

"दूरध्वनीवर विचारून घ्या ना," मी सुचवले.

"पासवर्ड अन् फोनवर? कायले पाप करायले लावता, गुरुजी?" बाबारावांनी फोन लावला. "कासम, तुले यावंच लागते. अबे, सांगू नको! बस पकड!"

दुसऱ्या दिवशी कासमभाई धापा टाकीत अवतरले. "बुढ्ढ्या, चार अक्षरांसाठी मले इतकं हलवलं?"

"भितीकडं तोंड करा!" बाबाराव गरजले आणि स्वतःही वळले.

भिंतीपाशी त्यांच्या शेजारी उभा असता मी हळूच विचारले, "बाबाराव, त्यांच्या खात्याला नवा पासवर्ड तुम्हालाच देता आला नसता का?"

"दोन मिनिटांचं काम होतं, गुरुजी."

"मग?"

"मंग कासम कायले आला असता?"

इतक्यात मागून आरोळी आली, "उघडलं! वळ ना बे इकडं!"

बाबाराव वळले नाहीत. "पुन्हा एकदा टाक," ते भिंतीलाच म्हणाले. "सावकाश टाक."