गोळ्याचं प्रस्थान

पिकअप ट्रक घ्यायचा निर्णय मी घेतला, असं सगळे म्हणतात. खोटं आहे. तो ट्रकने घेतला. मी टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्को गावातल्या डीलरकडे साधी, चार माणसांत उठून न दिसणारी गाडी बघायला गेलो होतो, आणि हा तिथे उभा होता. काळाभोर. बॉनेट एवढं प्रशस्त, की दोन जोडपी सत्यनारायणाला बसली असती आणि भटजींना पाय पसरायला जागा उरली असती.

"सर, हा तुमचं घर ओढून नेईल," सेल्समन म्हणाला.

"घर भाड्याचं आहे."

"मग मालकासकट नेईल."

मी सही केली. (पुढची काही वाक्यं मी ऐकलीच नाहीत. त्यांत मायलेज होतं, असं नंतर कळलं.)

ट्रक दारात उभा केला तेव्हा आमची प्रतिमा बाहेर आली, त्याच्याकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "यात आपण काय नेणार? हत्ती?" त्यानंतर दोन वर्षं मी त्यातून कोथिंबीर आणली. इंजिन सुरू केलं की शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातली कुत्री भुंकायची, आणि मी निघायचो कोथिंबीर आणायला.

मग माझी नोकरी मॅसॅच्युसेट्सला गेली आणि तिच्यामागून तिथल्या श्रूजबरीला जाणं आम्हाला भाग पडलं. मूव्हर्स बोलवायचे, असं प्रतिमा म्हणाली. मी म्हणालो, "मूव्हर्स कशाला? ट्रेलर भाड्याने घेतो. ट्रक आहे!"

ती म्हणाली, "ठीक आहे. ट्रकने सामान नीट नेलं तर ट्रक राहील. नाही तर श्रूजबरीला पोचल्या दिवशी तो विकायचा आणि मिनिव्हॅन घ्यायची."

मिनिव्हॅन! ऐकूनच माझा चेहरा उतरला.

शनिवारी संध्याकाळी ट्रेलर आणला. ट्रकची तयारी मी आठवडाभर करत होतो. टायरमध्ये हवा, मागचा ट्रेलर दिसावा म्हणून आरशांना लांब कान, ट्रेलरच्या दिव्यांची वायर. दिवे तपासायला मुलीला, सावनीला, मागे उभं केलं.

"लेफ्ट लागला?"

"नथिंग, बाबा!"

"आता?"

"स्टिल नथिंग! पण तुमचे वायपर्स चालू आहेत!"

पण या सगळ्यात मला वेड लावलं ते गोळ्याने. ट्रेलर ट्रकला जोडतात तो एका पोलादी गोळ्यावर. ट्रकच्या मागे खाली एक चौकोनी भोक असतं. त्यात दांडा सरकवायचा, आडवी खीळ घालायची, आणि त्या दांड्याच्या टोकावर हा गोळा, मोठ्या लिंबाएवढा. ट्रेलरचं तोंड त्याच्यावर बसतं. बस्स. फ्रिज, पलंग, कपाटं, प्रतिमाची हार्मोनियम, नागपूरहून विमानाने आणलेला पाटा-वरवंटा, सगळा संसार हायवेवरून धावणार तो त्या लिंबाच्या भरवशावर! मी हात जोडले. (आजूबाजूला कोणी नाही हे बघून. सावनी होती.)

ट्रेलर सोडवून गॅरेजसमोर टेकवला, गोळा दांड्यासकट काढून घरात आणला, आणि चांदीची भांडी पुसतात तसा पुसला.

रविवारी सकाळी नागपूरहून सासूबाईंचा फोन. मुहूर्त साडेआठचा होता आणि आमचं निम्मं सामान अजून घरात.

"मग प्रस्थान ठेवा ना, जावईबापू!" सासूबाई म्हणाल्या.

मुहूर्तावर निघता येत नसेल तर प्रवासातली एखादी वस्तू त्या वेळी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे तुम्ही निघालात असं धरतात. मग सावकाश निघा आणि जाताना ती उचला. अट एकच, ती वस्तू पुन्हा आपल्या घरी आणायची नाही. आणली तर प्रवास मोडला.

"कोणती वस्तू ठेवायची?" मी विचारलं.

"ज्याच्यावाचून तुमचा प्रवास होणारच नाही, अशी!"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. इतकी स्वच्छ रिक्वायरमेंट मला बावीस वर्षांत कुठल्याही क्लायंटने दिली नव्हती. प्रतिमा पेटीतून साडी शोधत होती तेवढ्यात मी गोळा लाल कापडात गुंडाळला, वर सुपारी ठेवली, आणि चार गल्ल्या पलीकडे शैलेंद्रकडे, माझ्या ऑफिसातल्या मित्राकडे, देवापुढे ठेवून आलो. साडेआठ वाजता. मुहूर्त गाठल्याचं समाधान काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

दुपारी ट्रेलर भरून झाला. शैलेंद्रसकट महाराष्ट्र मंडळातले सात-आठ जण हात लावायला आले होते. मी ट्रक रुबाबात मागे घेतला, उतरलो, आणि मागे जाऊन ते चौकोनी भोक बघितलं.

भोक रिकामं होतं.

"गोळा कुठाय?" प्रतिमाने विचारलं.

"प्रस्थानाला."

"म्हणजे?"

"तो निघाला. आपण राहिलो."

कुणीतरी हसू लागलं. प्रतिमाचा चेहरा बघून थांबलं.

"जा आणि घेऊन या!"

"आणला तर प्रवास मोडतो."

"मग दुसरा विकत आणू," शैलेंद्र म्हणाला. निकालासाठी नागपूरला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटली होती, पण सासूबाई ताज्यातवान्या होत्या. "दुसऱ्या गोळ्याने प्रवास झाला, तर पहिला महत्त्वाचा कसा? मग ते प्रस्थान नव्हतंच! अमावास्या लागायच्या आत निघा, येवढंच सांगते." (या बाई सुप्रीम कोर्टात असत्या तर देशाचं भलं झालं असतं.)

"मिनिव्हॅनमध्ये कपहोल्डर चांगले असतात म्हणे," प्रतिमा शांतपणे म्हणाली.

तेव्हा शैलेंद्र बोलला, "यार, गोळा ट्रेलरकडे येत नाही ना? मग ट्रेलर गोळ्याकडे नेऊ."

टेक्सासची जमीन सपाट आहे म्हणून, नाही तर हे लिहायला मी राहिलो नसतो. सात-आठ इंजिनियर ट्रेलरला खांदा लावून "मोरया" म्हणत फ्रिस्कोच्या रस्त्यावरून निघाले. आणि त्यांच्यामागून, घर मालकासकट ओढून नेणारा माझा ट्रक, चारही इंडिकेटर लावून, वऱ्हाडातल्या रुसलेल्या मामासारखा रिकामा चालला होता. एका गोऱ्या आजोबांनी हातातला पाण्याचा पाइप खाली ठेवून टोपी काढली. त्यांना ती अंत्ययात्रा वाटली असावी.

शैलेंद्रच्या दारात गोळा बसला. साखळ्या आडव्या बांधल्या, दिवे लागले, वायपर बंद होते. मी चाक हातात घेतलं आणि समोर बघितलं. शैलेंद्रची गल्ली पुढे कुंपणाला संपत होती. आता सगळा पसारा मागे मागे घेत बाहेर काढायचा.

मी चाक डावीकडे फिरवलं. ट्रेलर उजवीकडे. मी उजवीकडे फिरवलं. ट्रेलर डावीकडे, थेट शैलेंद्रच्या बायकोच्या गुलाबांकडे. मी पुन्हा पुढे गेलो, पुन्हा मागे आलो. मंडळाने पोह्यांच्या बशा हातात घेऊन पायऱ्यांवर बैठक मारली.

"काका, अजून थोडं! गुलाब संपत आले!" मंडळातला एक तरुण ओरडला.

प्रतिमाने दार उघडलं. "उतरा."

"अगं, याला अनुभव लागतो..."

"उतरा."

मी उतरलो. ती चढली, सीट पुढे घेतली, आरशात एकदा बघितलं. आणि तो ट्रक, तो ट्रेलर, तो सगळा संसार, एखादी नागीण बिळातून निघावी तसा वळत, लचकत, कुठेही न अडखळता गल्लीतून बाहेर आला आणि रस्त्याच्या कडेला सरळ उभा राहिला. बशा पायऱ्यांवर तशाच राहिल्या.  माझं तर पहिल्यांदाच असं झालं, की मी ट्रकसमोर उभा राहून ट्रककडे नाही, तर प्रतिमाकडे बघत होतो.

"ट्रक ठेवायचा," ती खिडकीतून म्हणाली. "चांगला आहे. मी चालवीन."

शेजारच्या सीटवर बसून मी तुळशीची कुंडी मांडीवर घेतली. टेक्सासच्या सीमेवरचं टेक्सारकाना येईपर्यंत धीर एकवटला आणि विचारलं, "तुला हे कसं जमलं गं? कुठे शिकलीस?"

"त्यात शिकायचं काय?" रस्त्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. "ज्याला डावीकडे न्यायचंय, त्याच्यासाठी चाक उजवीकडे फिरवायचं. लग्न झाल्यापासून तुम्हाला दुसरं कसं चालवतेय?"