लोखंडासकट वजन

टांगत्या काट्याच्या तबकडीवर दोन बारीक रेघांमध्ये शंभर ग्रॅमचं अंतर असतं. डोळ्यांना ते करंगळीच्या नखाहूनही कमी दिसतं. रिकामी झोळी अडकवायची, मागचा स्क्रू फिरवायचा, की सुई शून्यावर यायला हवी. त्या सकाळी करंजवाडीच्या समाजमंदिरात झोळी रिकामी होती आणि सुई शून्याच्या पुढे दुसऱ्या रेघेवर उभी होती.

दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. डॉ. दर्शना म्हात्रे यांना दिसलं. त्यांनी झोळीत हात घातला. तळाच्या मऊ फडक्याखाली एक लोखंडी कडं होतं, बोटाएवढं जाड आणि वापरून गुळगुळीत झालेलं.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. दर्शनाबाईंनी कडं पर्समध्ये टाकलं. सुई शून्यावर आली. आता सगळं ठीक होईल, असं त्यांना वाटलं.

जीपमधून हैबतराव मोहिते उतरले. बालआरोग्याच्या संशोधनाला अनुदान देणाऱ्या मुंबईच्या एका न्यासाचे ते परीक्षक, आणि त्याआधी पस्तीस वर्षं संख्याशास्त्राचे प्राध्यापक. दर्शनाबाईंचं पेणचं संशोधन केंद्र म्हणजे गणपतीच्या एका कारखान्यावरच्या दोन खोल्या. खाली मूर्तींचे डोळे रंगवले जात, वर मुलांच्या वाढीचे आलेख काढले जात. दोन्हींकडे हात थरथरून चालत नसे. केंद्र न्यासाच्या अनुदानावर चाले आणि त्याची मुदत मार्चअखेर संपत होती. हैबतरावांनी होकार दिला तर पुढची पाच वर्षं. नाही दिला तर तेवीस वर्षांच्या नोंदवह्या गोणीत भरायच्या.

"वडखळला दीड तास अडकलो," हैबतराव म्हणाले. "असो. म्हात्रेबाई, तुमचा अर्ज मी तीनदा वाचला. करंजवाडीतल्या मुलांची वजनं दोन वर्षांपूर्वी अचानक दोनेकशे ग्रॅमनी घसरली. सगळ्या वयांत, मुलामुलींत सारखीच. विलक्षण आहे! पाणी म्हणावं, तर आजूबाजूच्या वाड्यांत काही नाही."

"म्हणूनच कारण शोधायचंय," दर्शनाबाई म्हणाल्या. "काटा मी तीनदा प्रमाणित वजनांवर तपासला. काटा बरोबर आहे."

"मला एकदा प्रत्यक्ष वजन करताना बघू दे. मग सही."

आवडी वाघमारे पुढे आली. पहिल्या दिवसापासून वजन घेण्याचं काम तिचंच. शाळेत ती कधी गेली नव्हती. आकडे मात्र दर्शनाबाईंनी शिकवले होते आणि ते ती पिठाच्या रांगोळीसारखे सुबक काढी. तिची नात किमया टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षांपूर्वी ती केंद्रात लागली, आणि वहीतल्या नोंदी संगणकात चढवण्याचं काम तेव्हापासून तिचं.

दीपिकाचा प्रणित झोळीत बसला. आवडीनं त्याच्याखालचं फडकं चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"सहा किलो सातशे," हैबतरावांनी स्वतःच वाचलं. मग भिंतीवर टांगलेलं वाढीचं कार्ड पाहिलं. "गेल्या महिन्यात सहा नऊशे! मूल घसरलंय."

पुढची मुलगी अडीचशे ग्रॅमनी घसरली. तिसरी दीडशेनं. हैबतरावांनी चष्मा काढून पुसला. "अहो, महिन्याभरात सलग तीन मुलं? ही साथ आहे! रोह्याहून रुग्णवाहिका मागवा."

"सर, थांबा जरा—"

"थांबायचं कसलं?" त्यांनी फोन लावलाही होता.

दीपिकानं प्रणितला झोळीतून उचलून छातीशी धरलं. "आवडीआजी, याच्या खाली घातलं व्हतंस का नाय?"

"घातलं व्हतं गो! सकालीच घालून ठेवलं. पाहुनं येनार म्हनून घाई केली. कोनी काढलं, देव जाने."

"लोखंडाबिगर बसवलंस माझ्या पोराला? आनि ह्यो मानूस आकडा वरडून सांगतोय!"

क्षणात समाजमंदिर रिकामं झालं. आया पोरांना काखेत मारून नदीच्या वाटेला लागल्या. ती वाट, त्या पाठमोऱ्या बाया, दर्शनाबाईंना एकदम ओळखीचं वाटलं. तेवीस वर्षांपूर्वी त्या पेणहून एस.टी.नं यायच्या, कापडी पिशवीत काटा घेऊन, रोह्याच्या अलीकडे फाट्यावर उतरून दोन मैल चालत. आणि त्या दिसल्या की बाया अशाच पाठ फिरवून जायच्या. आठ महिन्यांत त्यांनी फक्त एक करडू तोललं होतं, तेही मालकाच्या आग्रहावरून. मग एके दिवशी त्यांनी चित्रांचा तक्ता लावून तासभर भाषण केलं, आणि पुढच्याच खेपेला पंधरा आया रांगेत उभ्या! परतताना फाट्यावरच्या टपरीत एकटीनं दोन कप चहा प्यायल्या होत्या त्या. पहिल्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं, 'सातत्यपूर्ण संवादातून विश्वास निर्माण झाला.' ते वाक्य त्यांना अजून पाठ होतं.

"आवडी," त्यांनी पर्समधून कडं काढलं, "हे काय आहे?"

"माजं कडं! तुमी घेतलंत?" आवडीनं ते कपाळाला लावलं. "बाई, तुमी शिकलेल्या. पोराचा खरा आकडा चारचौघांत बोलायचा नसतो, येवढं ठावं नाय? लोखंडासकट बोलायचा. मंग नजर लागली तर लोखंडाला लागंल."

"आणि हे कधीपासून?"

"पयल्यापासून. तुमी आट म्हैने येऊन जात व्हता, मला दया आली. सगल्यांना म्हटलं, लोखंड घालू आनि तोलू. पयली माजी नातच बसवली, ही किमया. मंग आल्या सगल्या."

"आणि माझं भाषण?"

"ते बी झालं व्हतं तवाच," आवडी मायेनं म्हणाली. "चित्रं बेस व्हती."

हैबतराव खुर्चीत बसले. "म्हणजे तेवीस वर्षांचं प्रत्येक वजन या कड्यासकट आहे?"

"नाय ओ सायेब."

"हुश्श."

"ह्ये कडं आमच्या घरचं. जिचं लोखंड तिनं आनायचं. कुनी कुलूप आनते, कुनी कंपनीतला नट, कुनी उलथन्याचा दांडा. आज कोन काय आनंल म्हनून मी आपलंच घातलं."

हैबतरावांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. एकच चूक तेवीस वर्षं झाली असती तर ती वजा करता आली असती. पण प्रत्येक मुलाची चूक वेगळी, आणि तीही कुलपाएवढी! त्यांनी कॉलर सैल केली आणि कपाळावरचा घाम पुसला. नेमकी तेव्हाच रुग्णवाहिका दारात आली. दोघं जण स्ट्रेचर घेऊन धावत आत शिरले.

"पेशंट कुठाय?"

दारातून डोकावणाऱ्या सगळ्या वाडीनं हैबतरावांकडे बोट दाखवलं.

"मी नव्हे!" हैबतराव ओरडले. "साथ आहे! म्हणजे नाही. कुलपं आहेत!"

"बोलन्यात फरक पडलाय," स्ट्रेचरवाला हळूच सोबत्याला म्हणाला. त्यांनी हैबतरावांना आडवं करून रक्तदाब घेतला. तो खरंच वाढलेला निघाला, त्यामुळे गोळी द्यावी लागली. एका म्हातारीनं त्यांच्या छातीवर कोयंड्याचा खिळा ठेवला. "असू द्या," ती म्हणाली, "हलवू नका."

एवढ्यात किमया टेबलाशेजारून उठली. तिनं कपाटातून जुन्या नोंदवह्यांचा गठ्ठा काढला आणि दर्शनाबाईंपुढे ठेवला.

"मॅडम, ह्या खुणा बघा ना."

प्रत्येक वजनापुढे शिसपेन्सिलीनं काढलेलं एक लहानसं चित्र होतं. वर्तुळ. चौकोनावर कमान. सहा कोनांचा ठिपका. दर्शनाबाईंना ती तेवीस वर्षं माहीत होती. आवडीला नक्षीची हौस आहे, असं त्यांनी धरलं होतं. एका परिषदेत तर त्या पानाचा फोटो दाखवून त्यांनी 'स्थानिक कार्यकर्तीचा कामातला आनंद' असंही म्हटलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

"वर्तुळ म्हणजे कडं," किमया म्हणाली. "हे कुलूप. हा नट."

"आणि ती लोखंडं आता कुठून आणायची?" हैबतराव आडव्यानंच म्हणाले.

"पोर पाच वर्सांचं झालं की लोखंड माज्याकडं येतं," आवडी म्हणाली. "फेकायचं नसतं. त्यानं पोराची नजर घेतलेली असते."

तिनं घरून तेलाचा एक मोठा डबा आणला. आत दोनशेच्या वर लोखंडं होती, प्रत्येकाला दोरा आणि दोऱ्याला चिंधी. कुठली चिंधी कुठल्या पोराच्या झबल्याची, हे आवडी न बघता सांगत होती. हैबतरावांनी छातीवरचा खिळा सांभाळत उठून स्वतःच्या बॅगेतला डिजिटल काटा काढला. न्यासातर्फे तो भेट द्यायला आणला होता. पहिलं कडं ठेवलं. दोनशे चार ग्रॅम.

"दोनशे चार," किमया न बघता म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळी तोलून आणली होती, सर. एकेक पिशवी नेऊन. आता कुणी नवं आणलं की तेही तोलते. दोन वर्षांपूर्वी नोंदी माझ्याकडे आल्या, तेव्हापासून वहीतल्या वजनातून लोखंड वजा करूनच संगणकात भरते."

दर्शनाबाईंनी हिशेब केला. दोन वर्षांपूर्वी. दोनेकशे ग्रॅम. सगळ्या वयांत, मुलामुलींत सारखीच.

"किमया," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ती घसरण तू आहेस."

"मला वाटलं तुम्हांला ठाऊक आहे," किमया म्हणाली. "सगळ्या वाडीला ठाऊक आहे, मॅडम."

हैबतराव हसू लागले. आधी खोकल्यासारखं, मग खांदे हलवत, इतकं की स्ट्रेचरवाल्यानं पुन्हा पट्टा गुंडाळायला घेतला. "म्हणजे ज्या कोड्यासाठी अनुदान मागताय, ते कोडं तुमच्याच टेबलाशी बसलंय! म्हात्रेबाई, मी आता सही कशावर करू?"

दर्शनाबाई हसल्या नाहीत. त्या वह्या उलटत होत्या. पहिल्या वहीचं पहिलं पान: किमया, दोन किलो सहाशे, पुढे वर्तुळ. तेव्हा झोळीत त्या बाळाला धरून ठेवणारा आवडीचा बारीक हात त्यांना आठवला. दोन किलो सहाशे, म्हणजे बरं आहे, असं त्या वेळी म्हणून त्या निश्चिंत पेणला परतल्या होत्या. ते बाळ दोन किलो चारशेचं होतं, अडीच किलोच्या धोक्याच्या रेघेखालचं.

"सर," त्या म्हणाल्या, "मुलं घसरली नाहीत. ती पहिल्यापासूनच तिथे होती. मी त्यांना तेवीस वर्षं लोखंडाएवढं जास्त धष्टपुष्ट समजत आले. किती जणांना आहार वाढवून द्यायला हवा होता आणि दिला नाही, ते आता या खुणांवरून काढता येईल. अनुदान त्याच्यासाठी द्या. नाहीतर देऊ नका, पण हे असंच लिहा."

हैबतराव हसायचे थांबले. बराच वेळ त्यांनी ती चित्रं बोटानं मोजल्यासारखी पाहिली. "पस्तीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले, "पण आपली चूक जिन्नसवार सांभाळून ठेवणारं केंद्र पाहिलं नव्हतं." त्यांनी पेन काढलं, आणि लगेच थबकले. "सही करतो. पण शेवटचा रकाना. 'आपल्यानंतर केंद्राचं काम कोण पाहील?' चार वर्षं तुम्ही 'विचाराधीन' लिहिताय. पदव्या नकोत. तयार करायला घेतलंय, असं एक नाव हवं."

दर्शनाबाईंनी तिकडे पाहिलं. किमयानं झोळीत आधी कडं ठेवलं होतं आणि मग मागचा स्क्रू फिरवत होती. सुई सरकत सरकत शून्यावर आली. लोखंड आत, आणि शून्यही खरं. इतकं सोपं. तेवीस वर्षांत त्यांना सुचलं नव्हतं.

"अगो, मंग खराच आकडा भाईर येल की!" आवडी घाबरली.

"येऊ दे आजी. वरडायचा नाय. लिवायचा."

दीपिकानं दारातून हे ऐकलं. थोडा विचार करून ती आत आली आणि प्रणितला झोळीत ठेवलं. किमयानं वाकून सुई पाहिली, ओठ मिटून आकडा लिहिला आणि वही दर्शनाबाईंपुढे धरली.

"म्हात्रेबाई, नाव?" हैबतराव म्हणाले.

दर्शनाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. दोन वर्षं नाव ओठांवर होतं. पेणच्या खोलीत एकट्या असताना, खाली मूर्ती वाळत असताना, त्यांनी ते कितीदा मनात लिहिलं होतं. पण मोठ्यानं म्हटलं की काहीतरी बिघडेल, पोर मुंबईला निघून जाईल, लग्न होईल, असं त्यांना वाटे. कशामुळे वाटे, हे त्या शास्त्रीय पद्धतीनं कधीच सिद्ध करू शकल्या नसत्या.

आवडीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग डब्यातलं एक कुलूप काढून त्यांच्या हातात दिलं आणि त्यांची बोटं त्यावर मिटली.

"आता बोला बाई."

"किमया," दर्शनाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "माझ्यानंतर किमया वाघमारे."