पनवेलचा खास चंद्रोदय

मीटिंगमध्ये हात वर करायचा नसतो, हे मी ऑफिसात फार लवकर शिकलो होतो. पण ती मीटिंग ऑफिसातली नव्हती. ती होती आमच्या आकाशमित्र मंडळाची, आणि तिथे मी क्लार्क नव्हतो, स्वयंसेवक होतो. छातीवर चक्क बिल्ला होता. बिल्ला लावला की माणसाचं डोकं जरा सैल होतं. (आमच्या साहेबांनाही बिल्ला नाही.) तर मी हात वर केला, आणि पुढचं सगळं त्या हातानं केलं.

आधी वेधशाळेबद्दल सांगतो. वाचनालयाच्या गच्चीवर एक पत्र्याचा घुमट होता. तो पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या माणसाकडून करून घेतला होता, त्यामुळे लांबून तो टाकीसारखा दिसे आणि जवळून हुबेहूब टाकीसारखा दिसे. फिरवायला दोन माणसं लागत, आणि तो फिरला की खाली पेपर वाचता वाचता झोपलेले पेन्शनर दचकून पुढचं पान उलटत. आत मोठी दुर्बीण, बाहेर कठड्याशी छोटी. दर शनिवारी संध्याकाळी समस्त पनवेलकरांना आकाश फुकट. मोठी दुर्बीण गुरुदत्त सर सांभाळत. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. दुर्बिणीचे नटबोल्ट यासीनकडे, कारण त्याचं बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. माझ्याकडे रांग होती.

रांगेला कमी समजू नका. "डोळा लावा, हात लावू नका" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणायचो की एकदा घरी हिनं पापडाचं ताट पुढे केलं, तर मी तेच म्हणालो. आणि लोक तरी कसले येत! एका गृहस्थांना दुर्बिणीतून नागोठणं बघायचं होतं. मेव्हणा घरी असेल तर जायचं नव्हतं म्हणे. एका बाईंना मी शनीची कडी दाखवायला पुढे बोलावलं, तर "शनी? नको गं बाई, आधीच साडेसाती आहे" म्हणत त्या डोळे घट्ट मिटून जिना उतरल्या. मला हे सगळं मनापासून आवडायचं.

पण पुढे पुढे रांग आटली. शनिवारी टीव्हीवर सिनेमा लागायचा. त्यावर मीटिंग भरली. गुरुदत्त सरांनी विचारलं, "लोकांना वर कसं आणायचं?" आणि माझा हात वर गेला.

"सर, संकष्टीला कार्यक्रम ठेवू. नाहीतरी अख्ख्या पनवेलच्या बायका त्या रात्री खिडकीतून चंद्रच शोधत असतात. त्यांना गच्चीवर बोलवू. चंद्रोदय दुर्बिणीतून बघा, नैवेद्य दाखवा, इथेच उपास सोडा. पुढच्या मंगळवारी अंगारकीच आहे."

सर देवाधर्माच्या भानगडीत पडत नसत. पण रांग म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. "चंद्र तो चंद्रच," ते म्हणाले.

यासीन तेवढा म्हणाला, "करंदीकर, चाँदच्या बाबतीत घाई करू नका हां. आमच्यात ईदचा चाँद कुणी एकट्यानं बघून चालत नाही. गवाही लागते."

मी हसलो. ईदची चंद्रकोर म्हणजे धाग्याएवढी. आमचा चतुर्थीचा चंद्र म्हणजे चांगलं ताटाएवढं प्रकरण. त्याला साक्षीदार कशाला हवेत?

घरी सांगितलं तेव्हा सुमती (म्हणजे आमची ही) कणीक मळत होती. ती थांबली.

"अहो, ही माझी एकविसावी संकष्टी. उद्यापनाची."

"मग छानच की!"

"नवस कशाचा आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. नवस माझ्या बढतीचा होता. माझी बढती चौलकर साहेबांच्या हातात होती आणि चौलकर साहेब चौलकर वहिनींच्या हातात होते. गणपतीकडे ही वीस महिने अर्ज करत होती. चंद्र दिसण्याआधी एक घास जरी पोटात गेला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी तिला म्हटलं, "सुमती, या पनवेलात चंद्र उगवला की नाही हे सांगायला माझ्याइतका लायक माणूस नाही." ती नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. मी त्याला कौतुक समजलो.

गणपती दूध प्यायला, त्यानंतरची ती थंडी. अंगारकीला गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. पैठण्या, शाली, स्वेटर, मोदकांचे डबे, निरांजनं, दूर्वा. ओवे गावाहून नामीबाई नावाच्या एक आजी सुनांसकट आल्या होत्या. सुमती मोदकांचा डबा घेऊन जिन्याजवळ बसली होती. आणि साक्षात चौलकर वहिनी आल्या होत्या, चांदीचं ताट घेऊन. मी त्यांना कठड्याशी, माझ्या छोट्या दुर्बिणीच्या शेजारी खास खुर्ची दिली. (उपास मी करत नाही. उपासाचं खातो. त्यामुळे माझं पोट साबुदाण्यानं शांत होतं, हे मान्य करतो.)

कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ आली आणि गेली. चंद्र नाही.

"करंदीकर, कुठाय हो तुमचा चंद्र?" वहिनींनी विचारलं.

मी घसा साफ केला. "वहिनी, कॅलेंडरातला चंद्रोदय सपाट क्षितिजाचा असतो. आपल्याकडे पूर्वेला प्रबळगड आहे. चंद्राला आधी तो चढायला लागतो. म्हणजे पनवेलचा चंद्रोदय खास वेगळा. पंधरा-वीस मिनिटं उशिरा."

हे शंभर टक्के बरोबर होतं. आयुष्यात मी बोललेलं बरोबर वाक्य तेवढंच, आणि तेही कुणी ऐकून घेतलं नाही. बायका दिवसभराच्या उपाशी होत्या. डब्यांतून तुपाचा वास येत होता. तशात हवेत धूर आणि धुकं. समोरच्या माडांच्या पलीकडे नुसता काळोख. गुरुदत्त सर आजूबाजूच्या लोकांना "जरा बाहेरचे दिवे बंद करा" असं सांगत खाली हिंडत होते. यासीन जिन्यात गर्दी आवरत होता. वर जाणकार म्हणून मी एकटाच.

"माझी शुगर आहे हं, करंदीकर," वहिनी म्हणाल्या.

आणि तेवढ्यात माडांच्या झावळ्यांमागे एक पिवळट, गोल, मऊसा प्रकाश उजळला.

"उगवला!" मी ओरडलो.

काय सांगू तो क्षण! सगळी गच्ची एकदम उठली. "उगवला, उगवला!" निरांजनं पेटली, अर्घ्याचं पाणी कठड्यावरून खाली वाचनालयाच्या सायकलींवर पडलं, आरती सुरू झाली ती तीन सुरांत. मला कुणीतरी हार घालेल असं वाटायला लागलं. मी दुर्बीण वळवली, फोकस केला आणि खरोखर भरून आलं मला. गोल गरगरीत बिंब! त्यावर डाग! तोवर मागे डबे उघडले होते. वहिनींनी हात जोडले, ताटातला पहिला मोदक उचलला आणि दोन घासांत संपवला. "वा, करंदीकर!" त्या भरल्या तोंडानं म्हणाल्या. साहेबांच्या घरातून मला मिळालेला तो पहिला 'वा'.

दुर्बिणीची रांग लागली. पहिला नंबर नामीबाईंचा. त्यांनी डोळा लावला (हात लावला नाही) आणि बराच वेळ हलल्याच नाहीत.

"काय दिसतं, आजी?"

"आवो भाऊ, तुमच्या चंद्रावर पाल हाय."

"पाल नव्हे हो आजी, ती विवरं असतात. म्हणजे मोठे खड्डे."

"खड्डा चालतो काय?"

"चालत नाही."

"ह्यो चालतोय." त्यांनी डोळा आणखी जवळ नेला. "आता त्यानं किडा खाल्ला."

मी डोळा लावला. चंद्रावर पाल होती. शेपटी हलवत होती. (खरं तर माझ्या मनात शंकेची पाल आधीच चुकचुकायला हवी होती. पण ती बिचारी तिकडे जेवत होती.) ते बिंब म्हणजे माडांपलीकडच्या नव्या बंगल्याच्या गच्चीवरचा काचेचा गोल दिवा होता. चतुर्थीचा चंद्र एका बाजूनं थोडा कमी असतो, हे मी दर शनिवारी लोकांना बोर्डावर काढून दाखवायचो. हा चंद्र लाडवासारखा गोल होता.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. ढग," मी म्हणालो आणि दुर्बिणीसमोर आडवा उभा राहिलो. विचार असा केला की खरा चंद्र येईपर्यंत हा असाच राहू द्यावा. मग हळूच अदलाबदल झालेली कुणाला कळणार आहे?

पण नेमके त्याच क्षणी गुरुदत्त सर त्या बंगल्याच्या मालकाला पटवण्यात यशस्वी झाले. टक्. चंद्र विझला.

गच्चीवर सगळ्यांचे मोदक तोंडात तसेच.

"मावळला?" कुणीतरी विचारलं.

"इतक्यात?"

"अंगारकीला लवकर मावळत असेल."

खालून सरांचा आनंदी आवाज आला. "करंदीकर! तो बंगल्यावरचा शेवटचा दिवासुद्धा बंद करवला हो! आता चंद्र आला की सुंदर दिसेल!"

आणि आलाच तो. घुमटाच्या उजव्या बाजूनं, जिकडे आमच्यापैकी कुणाचंच तोंड नव्हतं, प्रबळगडाच्या माथ्यावरून, एका अंगानं जरासा खाल्लेला, तांबूस, संथ. चांगला ताटाएवढा. अगदी मी सांगितलेल्या वेळेला! पण त्याबद्दल माझं अभिनंदन करायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. चौलकर वहिनी खुर्चीतून उठल्या.

"करंदीकर, मी तुमच्या शब्दावर खाल्लं. बल्बाला अर्घ्य दिलं मी."

"वहिनी, तसं पाहिलं तर प्रकाश हे तेजाचंच..."

"पुरे."

यासीन जिन्यातून वर आला, सगळ्यांचे चेहरे त्यानं पाहिले, आणि भला माणूस पाण्याचे ग्लास भरायला लागला. नामीबाई मात्र खुशीत होत्या. जाताना म्हणाल्या, "लय मजा आली. पाल काय झ्याक दिसली!" त्या सुनांना घेऊन पुढे दर शनिवारी येत राहिल्या, हे इथेच सांगून टाकतो.

घरी जाताना सुमती माझ्यापुढे चालत होती आणि मी मागून. वीस महिने, सुमती! वीस महिने तू माझ्यासाठी उपाशी राहिलीस आणि मी एका दिव्यापायी सगळं पाण्यात घातलं. मला खरंच रडू येत होतं. दार उघडल्यावर मी म्हटलं, "सुमती, माझं चुकलं. आता पुन्हा पहिल्यापासून."

ती गॅलरीत गेली. प्रबळगडावरून वर आलेल्या चंद्राला तिनं शांतपणे अर्घ्य दिलं, हात जोडले, आत आली आणि डबा उघडला. मोदक जसेच्या तसे होते. एकही कमी नव्हता.

"तू खाल्लं नाहीस?"

"छे."

"अगं, पण सगळ्यांनी खाल्लं! वहिनींनीसुद्धा! मी एवढ्या मोठ्यानं 'उगवला' म्हणून ओरडलो, ऐकलं नाहीस?"

"ऐकलं की," ती पानात तूप वाढत म्हणाली. "तुम्ही ओरडलात म्हणूनच थांबले."

त्या रात्री मी अकरा मोदक खाल्ले. नवस पुरा झाला होता, आणि गणपतीनंही शब्द पाळला. दोन महिन्यांत माझी बढती झाली. हेडक्लार्क नव्हे, 'इन-चार्ज'. द्रोणागिरीच्या, म्हणजे पार समुद्राकडच्या ओसाड गोदामाचा. बढती देवानं दिली, जागा मात्र वहिनींनी निवडली.

गोदामाभोवती तेव्हा नुसतं मोकळं मैदान. ना माड, ना घुमट, ना मेव्हणा. पहिल्याच संकष्टीला रात्रपाळी होती. चंद्र असा लख्ख वर आला की मी धावत जाऊन घरी फोन लावला.

"सुमती, उगवला! स्वतः बघतोय मी! दिवा नाही, पाल नाही, खरा चंद्र आहे!"

"बरं," ती म्हणाली. "शेजारच्या काकूंना खिडकीतून बघायला सांगते."