साहेबांचे चमचे तात्काळ हजर व्हावेत

सांप्रत हकीकत ऐसीजे. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत चहाची खोली, तीत स्टीलचे चमचे बारा, प्रत्येकी वजन अठरा ग्रॅम, दांड्यावर कचेरीचा शिक्का. सोमवारी दुपारी तीनास मोजदाद जाहली तो चमचा एक. अकरा परागंदा. खासे मोठे साहेब पेन्सिलीने साखर ढवळते जाहले आणि मग त्यांचा कोप अनावर जाहला.

तेव्हा काखेत डब्याची पिशवी, जी ते कोणापाशी विश्वासाने ठेवीत नसत, ऐसे हेडक्लार्क पुढे सरसावले आणि गुन्ह्यांची याद मांडते जाहले: उघड्यावरून नेले तर उचलेगिरी, कुलूप फोडून नेले तर घरफोडी, सापडलेले दाबून ठेवले तर अफरातफर, पाच असामींनी नेले तर दरोडा, आणि चाकराने धन्याचे नेले तर सर्वांत भारी. खोलीची किल्ली चहावाल्या मावशींकडे, सबब भारी कलम मावशींवर बसले. आणि मग हुकूम जाहला की, पाचापर्यंत चमचे न मिळाल्यास मावशींनी किल्ली ठेवावी आणि उद्यापासून येऊ नये.

मावशी म्हणाल्या, "माझा घरचा, लाल दोऱ्याचा चमचा दोन महिन्यांपूर्वी गेला, तेव्हा कोणी कलम नाही काढलं."

हे बोलणे दफ्तरी दाखल जाहले नाही.

मग फर्मान निघाले. मजकूर 'साहेबांचे चमचे तात्काळ हजर करावेत' ऐसा; परंतु टंकलेखकांच्या हातून 'करावेत'चे 'व्हावेत' जाहले आणि कागद तैसाच फळ्यावर चढला. सारे लष्कर फळ्यापाशी गोळा जाहले, आणि वाचून सर्वांची नजर हेडक्लार्कांवर स्थिर जाहली.

"जा ना बडेबाबू, बोलावणं आलंय," तपासनीस बाई म्हणाल्या.

"मी काय चमचा आहे?"

"आम्ही कुठे काय म्हणालो? तुम्हीच म्हणताय."

हेडक्लार्क संतप्त होऊन साहेबांच्या दालनी धावले, आणि उंबऱ्यास अडखळले, आणि पिशवी उलटी जाहली, आणि शिक्क्याचे चार चमचे खणखणत साहेबांच्या पायी लोळण घेते जाहले.

"हजर झाले, साहेब," दारावरील पहारेकरी अदबीने वदले.

"चुकून आले असतील डब्याबरोबर," हेडक्लार्क पुटपुटले.

"चारही?" मावशी म्हणाल्या. "मग आता सगळ्यांचेच खण बघू या."

मग मोहीम निघाली. तपासनीस बाईंच्या रसायनांच्या कपाटात तीन, लेबले लावून ठेविलेले. टंकलेखकांच्या डुगडुगत्या मेजाच्या पायाखाली एक. पहारेकऱ्यांच्या रेडिओचे झाकण उघडण्याकामी एक. आणि मग लष्कर साहेबांच्या मेजासमोर थांबले.

"माझा खण कशाला?"

"तेवढाच राहिलाय, साहेब."

खण उघडला. आत चमचे तीन. दोहोंवर शिक्का, तिसऱ्यास लाल दोरा.

तपासनीस बाईंनी बोटांवर असामी मोजल्या, त्या पाच भरल्या. हेडक्लार्कांनी आपली याद घडी करून खिशात घातली. चौकशी तहकूब जाहली, आणि किल्ली मावशींच्या कमरेसच राहिली, आणि मोहीम फत्ते जाहली.

पावणेपाचास फिरून मोजदाद: चमचे तेरा. कचेरीचे बारा, मावशींचा एक.