नानांचा तिसरा रिपोर्ट

हणमंतनाना माझ्या टेबलावर दोन सारख्याच डब्या ठेवतात. एकीत पेढे, दुसरीत तपासायचा नमुना. "उजवी तुमची, डाक्टर. डावी दुर्बिणीची. गडबड करू नगा." मिरजेत माझी साधी लॅब आहे आणि मी डॉक्टर नाही, हे त्यांना दहादा सांगून झालंय. पेढा मात्र मी अजून एकदाही खाल्लेला नाही.

नाना कवठे महांकाळचे, फौजेत नर्सिंगला होते. शांतिसेनेबरोबर काँगोला गेले, तिथं छावणीशेजारी चिंपांझींच्या अनाथ पिल्लांचं एक केंद्र होतं. सुट्टीला बाकीचे जवान पत्ते कुटायचे, हा गडी तिथं जाऊन चिंपांझींच्या विष्ठेतले जंत बघायचा!

"जंत जंगलातल्यालाबी असत्यात," नाना समजावतात. "पर त्यो रोज नव्या झाडाव झोपतो. पिंजऱ्यातला तितंच खातोय, तितंच हागतोय. जंत जात्यात कुटं?" जंगलात पोट बिघडलं की चिंपांझी खरबरीत पानं न चावता गिळतात, जंत बाहेर पडतात. नानांनी घरी पारिजातकाची पानं गिळून पाहिली. जंतांना काही झालं नाही, नानांचा घसा चार दिवस बसला. काकी, म्हणजे नानांची बायको, म्हणतात, लय निवांत गेले ते चार दिवस.

लग्नात भेटले तरी नाना आधी नखं बघतात. एकदा नवरदेवाला आहेराऐवजी जंताची गोळी दिली होती.

यंदा त्यांना नात झाली. लगेच स्वतःचा नमुना घेऊन हजर! जंतांची अंडी सापडली. गोळ्या घेतल्या, मग दोन रिपोर्ट स्वच्छ आले. मी म्हटलं, "नाना, हात धुवा आणि घ्या पोरीला."

"तीन पायजेत. लागोपाठ."

तिसरा नमुना घेऊन बसले होते, तेवढ्यात काकींचा फोन. "आवं, म्हाताऱ्याला इचारा काय झालंय! दीड म्हैना नातीला शिवलं न्हाईत. सून म्हणतीया, पोरगी झाली म्हणून मामांनी तोंड फिरवलं. पिशवी भरून बसलीया, माहेरला निघालीया."

मी नानांवर खेकसलोच. नाना खाली बघत म्हणाले, "मंगी म्हणायचो मी तिला. चिंपांझीचं येवढंसं पिल्लू. दुसऱ्या कुणाकडनं खायाचीच न्हाई. अर्धं केळं मी, अर्धं ती. जंतांनी गेली. तिथला डाक्टर म्हणला, माणसाकडनंबी आले असतील. माजा नमुना तपासला, तर निघाले."

"तुमचेच कशावरून?"

"न्हाईत कशावरून?"

मी काच दुर्बिणीखाली लावली, दोनदा बघितली. एकही अंडं नाही. नानांना गाडीवर मागं बसवलं आणि थेट घर गाठलं.

सून दारातच होती, कुशीत पोरगी. नानांनी रिपोर्ट पुढं केला. तिला काही उमगेना, मग मीच सगळं सांगितलं. ऐकताना तिचे डोळे भरून आले.

"आवं मामा, येवढंच हुतं तर सांगायचं न्हाई व्हय?"

"लाज वाटली गं. माकडापायी रडतोय म्हणाली असतीस."

तिनं पोरगी त्यांच्या हातात दिली. नानांनी तिला छातीशी धरली आणि घळाघळा रडले. मग दोन तास कुणाला देईनात. शेवटी पोरगी भुकेनं किंचाळायला लागली, तेव्हा सुनेनं जवळजवळ हिसकावूनच घेतली.